आठ ते दहा, जुन्या खळ्यावर

आमच्या गावानं अठरा वर्षं फटाका वाजवला नव्हता. जालिंदरच्या कडब्याच्या गंजीवर कुणाचं तरी रॉकेट जाऊन पडलं. गंज गेली, शेजारची कांद्याची चाळ अर्धी जळाली, आणि दुसऱ्याच आठवड्यात ग्रामसभेनं ठराव केला, की शिवेच्या आत फटाका वाजवायचा नाही. दिवाळी असो, लग्न असो, नाही तर निवडणूक. निवडणुकीत जिंकलेल्यांना तो ठराव फार जड जायचा, पण त्यांनीही पाळला.

यंदा गणपती उठले आणि पंचायत समितीचं पत्र आलं. ते घेऊन ग्रामसेवक दीक्षा मॅडम ग्रामसभेला उभ्या राहिल्या. ही दौंड तालुक्यातली, भांडगावची पोर. चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं रोज गाडीवर येते. तोंडाला ओढणी बांधलेली असते, नुसते डोळे दिसतात, पण आज पिशवीत सोपं काम आहे की अवघड, हे त्या डोळ्यांवरून आम्हा बायकांना कळतं. त्या दिवशी अवघड होतं.

"तुमचा ठराव जुना आहे," ती म्हणाली. "राज्याचा नियम वेगळा आहे. गावाला सरसकट बंदी घालता येत नाही, असं वरून कळवलंय. आपला नियम त्याच्याशी जुळवून घ्यायचा आणि दसऱ्याच्या आत नकाशासकट पाठवायचा."

"म्हंजी आता वाजवायलाच पायजे का?" माऊली मामांनी विचारलं. ते गावातले सगळ्यांत वयस्कर.

"तसं नाही हो मामा. वाजवायचे असतील तर कधी आणि कुठं, ते लिहायचं."

हृतिकनं टाळी वाजवली. हा माऊली मामांचाच नातू. रांजणगावला कंपनीत जातो. "मॅडम, बंदी आली तवा मी आठ वर्षाचा व्हतो. आजपतूर नुसत्या फुलबाज्याच लावल्यात. लगीन जमंना झालंय, मुली म्हणत्यात, गावात आवाजच न्हाई."

"मुली दुसरंच कायतरी बघून न्हाई म्हणत असतील," मागून एक बाई म्हणाली, आणि सभा हसली.

दीक्षानं नियम वाचले. संध्याकाळी आठ ते दहा, एवढंच. "आन् पयल्या आंगुळीला पहाटं?" हृतिकनं विचारलं. पहाटेचं काही लिहिलेलं नव्हतं. शाळा, दवाखाना आणि देवस्थान, यांच्यापासून शंभर मीटरच्या आत शांतता. आणि गावानं एक मोकळी जागा नेमून द्यायची, ती नकाशावर दाखवायची. जागाच दाखवली नाही तर ती बंदीच झाली, आणि कागद परत येणार.

तेव्हा सोपानभावजी उठले. सोपानराव म्हणजे माझे धाकटे दीर. "माझी म्हैस पयलारू हाय," ते म्हणाले. "दिवाळीत व्यायची हाय. बंदी उठली तर तिचं काय व्हईल, ते त्या पत्रात लिवलंय का?"

कुणी हसलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या गावचं वऱ्हाड आमच्या रस्त्यानं चाललं होतं. त्यांना आमचा ठराव काय माहीत? त्यांनी वेशीपाशी माळ लावली. सोपानभावजींची म्हैस आठव्या महिन्यात होती. दावं तोडून पळाली, चारीत पडली आणि गाभडली. पुन्हा काही ती गाभण राहिली नाही. तिची आधीची वगार, म्हणजे तरणी रेडी, घरात होती, मैना. तिला माझ्या जावेनं, धुरपदानं, तळहातावर भरडा चारून वाढवलं. दोन्ही लेकी लग्न होऊन गेल्यावर धुरपदाच्या घरात हाक मारायला ती एकच राहिली. आता मैना पहिल्यांदाच गाभण होती, आणि धुरपदा दिवस मोजत होती.

"देवस्थानापासून शंभर मीटर म्हटलंय ना?" दीक्षा म्हणाली. "आपण सगळी देवस्थानं नीट मोजू. तुमचा गोठाही त्यात येईल कदाचित."

हे ऐकून सोपानभावजी खाली बसले. त्यांच्या तोंडावर एकदम हुशारी दिसायला लागली. माणसाच्या तोंडावर अशी हुशारी दिसली की मला काळजी वाटते.

दुसऱ्या दिवशी मोजणी सुरू झाली. दीक्षाच्या फोनमध्ये गोल काढायची सोय होती, पण फोनवर कुणाचा भरवसा नव्हता. जालिंदरनं प्लॉट मोजायचा टेप आणला. टेपाचं एक टोक सोपानभावजींनी धरलं ते तीन दिवस सोडलंच नाही. भैरवनाथ झाला, मारुती झाला, विठोबा झाला, विहार झालं, पीर झाला. दीक्षा वही मिटायला लागली, तर भावजी म्हणाले, "मॅडम, सटवाई ऱ्हायली."

"ती कुठंय?"

"चिंचेखाली. हा दगुड."

"हे देवस्थान आहे?"

"शेंदूर दिसतुय न्हवं?"

दीक्षानं शेंदराकडं पाहिलं, माऊली मामांकडं पाहिलं. मामांनी हात जोडलेले होते. तिनं लिहिलं.

मग तुकाई निघाली, वेताळ निघाला, बिरोबा निघाला. सटवाईच्या गोलात चावडीपुढचं पटांगण गेलं, तेव्हा हृतिकचं हसू मावळलं. आणि नंतर भावजींनी विहिरी काढल्या. आमच्याकडं विहीर खोदली की काठावर साती आसरा मांडतात. सात खडे, सात बोटं शेंदूर, वर्षाला एक नारळ. गावात विहिरी एकेचाळीस. एकेका विहिरीभोवती शंभर मीटरचा गोल पडत गेला, तसं शिवार कागदावरून नाहीसं होत गेलं.

"आप्पा, तुम्ही आमची दिवाळी गिळली," हृतिक भावजींना म्हणाला.

"मी कशाला गिळू? देव हायेत."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दीक्षानं शाळेच्या ओट्यावर नकाशा पसरला. सगळे वाकून बघायला लागले. गोलावर गोल, गोलावर गोल, आणि मधे बोराएवढी एक पांढरी जागा.

"ही कुठली?" हृतिकनं विचारलं.

दीक्षानं बोट ठेवलं. "गावकीचं जुनं खळं."

जुनं खळं म्हणजे सोपानभावजींच्या गोठ्याचं अंगण. खळं गावाचं, पण गोठ्याची गव्हाण त्याच्या कडेलाच. तिथून मैना तोंड बाहेर काढून खळ्याकडं बघत रवंथ करते. त्यांच्याकडं विहीर नाही, बोअर आहे. बोअरला आसरा मांडत नाहीत. गावात बोअरवाली घरं चारपाच असतील, पण त्यांच्याजवळ दुसरं काही ना काही निघालंच. भावजींच्या जवळ काही निघालं नाही.

खरं म्हणजे तिथं होतं. खळ्याच्या तोंडाशी म्हसोबा होता. गोठा बांधला तेव्हा ट्रॉली वळेना, म्हणून भावजींनी अकरा वर्षांपूर्वी तो उचलला आणि दोन शेतं ओलांडून आमच्या बांधावर बाभळीखाली नेऊन बसवला. विचारलं कुणालाच नाही. आमच्या मालकांनी, म्हणजे हौसरावांनी, सकाळी उठून बघितलं तर बांधावर देव. "देव माझ्या दारात टाकून गेला, आता निवद मी करायचा व्हय?" यावरून दोघा सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं, ते झालंच. अकरा आषाढ निवद मीच केला. जावाजावा आम्ही विहिरीवर, दळणावर, बाजारात भेटायचो. आमचं काही बंद झालं नाही. भांडण त्यांचं होतं, आम्हाला वेळ नव्हता.

ओट्यावर भावजींचा चेहरा असा झाला, की हृतिकलासुद्धा हसवेना.

"म्हसोबा व्हता तिथं," ते म्हणाले. "मी आज सांजच्याला परत आणून बसवतो. मॅडम, तुम्ही गोल काढा."

आमचे मालक भिंतीला टेकून बसले होते. ते भावाकडं न बघता दीक्षाला म्हणाले, "मॅडम, त्याला सांगा, देव म्हंजी काय सतरंजी न्हाई. पाहिजे तवा हितं, पाहिजे तवा तितं. अकरा वर्सं माझ्या बांधावर हाय, तो माझा हाय."

"मॅडम, त्याला सांगा, देव माझ्या आज्ज्यानं बसवलाय."

"आज्जा माझा बी हाय म्हणावं!"

दीक्षा दोघांकडं आलटून पालटून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आप्पा, देव तिथं परत आला तर जागाच उरत नाही. जागा नाही म्हणजे बंदी. कागद परत येईल. आणि मग वरून कुणी साहेब येऊन सगळा नकाशा तपासायला लागला, तर एकेचाळीस विहिरींच्या आसरा मी त्याला कशा समजावून सांगू? माझी पहिलीच नेमणूक आहे हो."

भावजींनी टेप गुंडाळायला घेतला. सगळे गोल त्यांच्याच हातांनी मोजलेले. ग्रामसभेत हात वर झाले: आठ ते दहा, जुन्या खळ्यावर. सोपानभावजींचा हात वर गेला नाही. आमच्या मालकांचाही गेला नाही, पण त्याचं कारण मी विचारलं नाही.

दसरा झाला. कोजागरी झाली. धुरपदा दळणाला आली की नुसती बसून राहायची. "कास भरायला लागलीया, अक्का," एवढंच म्हणायची. मैनाच्या कानात कापूस घालावा का, गव्हाणीला गोधड्या बांधाव्यात का, याचा तिच्या घरी खल चालायचा; नवऱ्यानं म्हणे पत्रा ठोकायला काढला होता. पण म्हैस आवाज कानानं ऐकते त्याच्या आधी पायांनी ऐकते. जमीन हादरली की तिला कळतं. हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

वसुबारसेला दुपारी मी भांडी घासत होते. फाटकातून आधी मैना आत आली, मग दावं, मग धुरपदा. डोक्यावर भरड्याचं घमेलं. आमचे मालक ओसरीवर बसले होते. धुरपदानं पदर पुढं ओढला, मैनाला लिंबाला बांधलं आणि मला म्हणाली, "अक्का, आबांना सांगा, म्हैस दिवाळीपतूर हितं ऱ्हाईल."

मी म्हटलं, "सांगायला कशाला पायजे? समोर तर बसल्यात."

"तरी सांगा."

मी नवऱ्याकडं वळले. "म्हैस दिवाळीपतूर हितं ऱ्हाईल म्हणती."

"गोठ्यात जागा कुठाय?" मालक म्हणाले.

"अक्का, आबांना सांगा, मोटारसायकल भाईर काढली की जागा व्हती. आन् सांगा, अकरा वर्सं देव संबाळला, आठ दिवस म्हैस जड न्हाई."

मालक उठले. चप्पल घातली, गोठ्यात गेले, मोटारसायकल बाहेर काढून तुळशीपाशी लावली. मग खराटा घेऊन कोपरा झाडला, वर दोन पाट्या कोरडी माती टाकली, हातानं सारखी केली. गाभण म्हशीचा पाय घसरू नये म्हणून माती टाकतात. मी बघत होते. माझ्या बाळंतपणाला त्यांनी खाटेवर गोधडीसुद्धा टाकली नव्हती, पण ते जाऊ दे.

धुरपदा मैनाजवळच राहिली. भावजी मात्र हद्द ओलांडेनात. रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी बांधापर्यंत यायचे, बाभळीपाशी उभे राहायचे आणि हवेत विचारायचे, "खाल्लं का?"

आमचे मालक मैनाच्या पाठीवरून हात फिरवत तिलाच म्हणायचे, "सांग तुझ्या धन्याला, खाल्लं. त्याच्यापरीस जास्त खाल्लं."

"पाणी?"

"सांग, दोन बादल्या. आन् सांग, बांधावर उभं ऱ्हाऊन गवात तुडवू नको."

यंदा नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं. दुपारी तीनला मैनानं खाणं सोडलं. शेपूट उचलून गोल गोल फिरायला लागली. चारला पाणमोट फुटली. एक पाय दिसला. आम्ही दोघी दुसऱ्या पायाची वाट बघत बसलो, पाच वाजले, दुसरा पाय काही येईना. मैना कळ द्यायची आणि धापा टाकायची. न्हावऱ्याच्या डॉक्टरांना फोन केला, तर ते सणाला बार्शीला गेलेले. धुरपदा म्हशीच्या कपाळाला कपाळ लावून नुसती "मैने, मैने" म्हणत होती.

मालकांनी एकदा हात घालून बघितला. त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. "पाय दुमडलाय," ते म्हणाले. "माझ्या हातानं न्हाई सरळ व्हायचा."

उठले. अंगणातून बांधाकडं चालत गेले. मग चालत नव्हते, पळत होते. त्यांच्या बहात्तराव्या वर्षी मी त्यांना पळताना बघितलं. बांधावर उभं राहून त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडले, "सोप्या! ए सोप्या! ये की मुडद्या लवकर!"

भावजी बाभळीमागंच होते. दुपारपासून तिथंच बसून असावेत.

आले ते थेट गोठ्यात. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, गोडं तेल लावलं. हात आत घातला आणि डोळे मिटून घेतले. "रेडकाला मागं सारतो. कळ थांबली की सांग."

"थांबली."

"आता?"

"आली, थांब. थांब, सोप्या. आता सार."

कितीतरी वेळ असं चाललं. एकानं कळ मोजायची, दुसऱ्यानं पाय शोधायचा. मग भावजींनी डोळे उघडले आणि म्हणाले, "घावला. दादा, वड."

मालकांनी ओढलं. दिवे लागायच्या वेळेला रेडकू खाली आलं, काळं, ओलं, लांब कानांचं. धुरपदानं नाकातोंडातला चिकटा पुसला, अंगाला चोळलं. ते शिंकलं. रेडी होती. मैना वळली आणि तिला चाटायला लागली.

पावणेआठला हृतिक फाटकात आला. अंगावर नवा शर्ट, हातात पिशवी. "आप्पा, समदी पोरं खळ्यावर जमल्यात. मॅडम बी आल्यात, घड्याळ घिऊन बसल्यात. म्हशीचं काय झालं?" मग आत वाकून बघितलं आणि आवाज खाली आणला. "थांबू का आम्ही? उद्या वाजवू. न्हाई तर फुलबाज्या लावतो. आपल्याला सवय हाय."

भावजींनी रेडकाकडं बघितलं. म्हणाले, "अठरा वर्सं थांबलासा. आठ वाजले की वाजवा. पण बारकी आधी. एकदम सुतळी लावू नका, हळूहळू चढवा."

हृतिक गेला. आम्ही चौघं गोठ्यात उभे राहिलो. भावजींनी मैनाचं दावं धरलं, मालकांनी रेडकू पायांत धरलं, धुरपदानं मैनाच्या दोन्ही कानांवर तळवे दाबले. घरात लक्ष्मीपुढची समई तशीच, पूजा मांडून ठेवलेली.

आठला पहिला वाजला. दोन शेतांपलीकडून आला तो, कुणी दूर पाट आपटावा तसा. मैनानं मान वर केली. कान धुरपदाच्या हाताखाली हलले. मग दुसरा, तिसरा. मैना तशीच उभी. रेडकू धडपडत उठलं, दोनदा पडलं, तिसऱ्यांदा उभं राहिलं आणि कासेखाली डोकं मारायला लागलं. मैनानं मान खाली घातली आणि पुन्हा त्याला चाटायला लागली.

"पान्हा सोडला," धुरपदा म्हणाली आणि हात न काढता रडली.

मैनाची वार पडेपर्यंत भावजी हलले नाहीत. मग अंगणात दगडावर बसून दोघा भावांनी हात धुतले. मी ताटं वाढली. जेवताना बोलले ते एवढंच, की रेडकाचे कान जरा लांब आहेत, ते बापावर गेले असणार. खळ्यावरून पोरांचं ओरडणं ऐकू येत होतं. दहाला दोन मिनिटं कमी असताना एक मोठा वाजला आणि मग एकदम काहीच नाही. दीक्षानं घड्याळ बघून हात वर केला असेल.

बारा दिवस मैना आमच्याकडंच राहिली, कारण रेडकाला इतकं चालवत नाही. भावजी रोज दोन वेळा धार काढायला यायचे, बांध ओलांडून. तेराव्या दिवशी सकाळी तिला घरी न्यायची ठरली. पुढं धुरपदा, तिच्या मागं मैना, मैनाच्या मागं रेडकाच्या गळ्यात हात घालून आमचे मालक. मी सर्वांत मागं, खरवसाचा डबा घेऊन.

खळ्याच्या तोंडाशी येऊन मालक थांबले. भावजी गोठ्यापाशी वाट बघत उभे होते. खळं सगळं लाल झालं होतं. फटाक्यांचा कागद, जळक्या वाती, पुठ्ठ्याच्या नळ्या. पाडव्याला, भाऊबीजेलाही तिथंच वाजवले होते, आणि झाडायचं कुणाचं, हे नियमात कुठंच लिहिलेलं नव्हतं. रेडकानं मान खाली केली आणि कागदाचा एक तुकडा ओठांत धरला.

मालकांनी तो त्याच्या तोंडातून ओढून काढला. "हे असलं खाल्लं तर पोट फुगून मरंल," ते म्हणाले. "झाडलं न्हाईस व्हय रं तू?"

"बारा दिवस तुझ्या गोठ्यात शेण काढतुय," भावजी म्हणाले. "दोन ठिकाणी कसा झाडू?"

"खराटा आण."

"एकच हाय."

"मग दुसरा धुरपदाच्या माहेरनं आण!"

भावजींनी गोठ्यातून खराटा आणला, मालकांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. भावजी मग हातानंच कागद वेचायला लागले. रेडकू माझ्याकडं दिलं. त्याला धरून मी खळ्याच्या कडेला उभी राहिले. धुरपदानं मैनाला गव्हाणीला बांधलं आणि चहा ठेवायला आत गेली. खळं मोठं होतं. अर्धं झाडून होईस्तोवर दोन वेळा चहा झाला.